घडी न मोडता

गुरुवार, ४ एप्रिल १९३५. चैत्र पाडवा.

फळा लागला. पेंटरने अक्षरं थोडी तिरकी काढली आहेत, पण लाल रंग असा उठून दिसतो की पेठेच्या टोकावरून वाचता यावं. "कुंडलिक बगाडे, लुगडी व धोतरांचे व्यापारी. नापसंत माल पंधरा दिवसांत घडी न मोडता आणल्यास परत घेऊ. पैसे पूर्ण देऊ." शेवटचे तीन शब्द जाड आहेत. ते मी मुद्दाम जाड काढायला लावले.

समोर आबासाहेबांनी दिवाळीत मिलच्या कापडाचं दुकान थाटलं. काचेचं कपाट, एकच भाव, आणि आत पाटी: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पाच महिन्यांत माझं अर्धं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडे गेलं. मिलचं लुगडं स्वस्त पडतं हे मला मान्य आहे. पण माझं लुगडं इंदापूरच्या सोनबा साळ्याच्या मागावरचं. त्याचा काठ बोटांनी चाचपला तरी कळतो. म्हटलं, भावात आपण आबासाहेबांना हरवू शकत नाही, शब्दात हरवू. उभ्या बारामतीत असा फळा दुसऱ्या कुणाच्या दुकानावर नाही. पुण्यात तरी असेल का, शंकाच आहे.

सोनबा आज बाजाराला माल घेऊन आला होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलणं मोजकं. त्याला फळा वाचून दाखवला आणि म्हटलं, "तात्या, परत आलेला माल तुमच्याकडं येईल. तुमी धुवायचा, खळ द्यायची, पुन्हा घडी घालून पाठवायचा. त्याचे पैसे तोवर कापून ठेवीन, पुन्हा विकला गेला की मगच देईन. विणणाऱ्यानं आपल्या मालाची हमी घ्यायला नको का?"

त्याने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हणाल तसं," म्हणाला. मला त्याचा हाच गुण आवडतो, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडत नाही. जाताना तेवढं बोलला, "वैशाखात सारजाचं लगीन हाय. तिचं लुगडं मागावर चढवायचंय. त्या वक्ताला पाच-सहा दिस मला मोकळं सोडा." त्याच्या घरात तीन-चार पिढ्या लेकीला लग्नात बापाच्या हातचंच लुगडं नेसवतात. सोनबाच्या बायकोपेक्षा, सरुबाईपेक्षा, सोनबालाच त्याची हौस जास्त. म्हटलं, तात्या, लेकीचं लुगडं विणायला बापाला कोण अडवतंय.

माझ्या बायकोने, रंगूने, फळा वाचला. ती चौथी शिकली आहे आणि हे ती मला विसरू देत नाही. तिने विचारलं, "घडी न मोडता म्हणजे?" म्हटलं, घडी न मोडता म्हणजे घडी न मोडता. ती हसली आणि म्हणाली, "लिहायच्या आधी एखाद्या बाईला विचारायचं व्हतं." बायकांना विचारून धंदा केला असता तर मी आज बटणं विकत बसलो असतो.

गुरुवार, ११ एप्रिल.

आज पहिला माल परत आला आणि आज माझं नाव झालं.

वरकुट्याची कुशाबाई म्हणून एक बाई आहे. नवऱ्याच्या गुळाच्या गाडीबरोबर बाजाराला येते. गेल्या गुरुवारी तिने जांभळं लुगडं नेलं होतं. आज भर गर्दीत गादीवर आणून ठेवलं आणि म्हणाली, "परत घ्या, शेठ. पसंत न्हाय."

उलगडून पाहिलं तर पदराला हळद लागलेली, निऱ्यांच्या जागी चुण्या, आणि चुलवणाचा वास. म्हटलं, "बाई, ह्याची घडी मोडलीय."

"मी न्हाय मोडली."

"मग कुणी मोडली?"

"माझ्या धाकट्या जावेनं. नवं लुगडं आधी दुसरीला घडी मोडाय द्यायचं असतंय नव्हं? तिनं नेसलं तिच्या भावाच्या लग्नात. मी तर अजून अंगाला लावलं न्हाय. फळ्यावर काय लिवलंय, घडी न मोडता. माझी घडी मोडायचीच हाय अजून."

आता हा रिवाज मला ठाऊक नाही असं नाही. माझ्या आईची नवी लुगडी आत्याच आधी नेसायची, आणि तिने नेसलं की आई म्हणायची, वन्सांनी घडी मोडली. पण फळा लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे दुकानातली घडी होती, आठ पदरी, दाबून बसवलेली. बाईच्या डोळ्यांपुढे जावेची घडी. आणि तिच्या बाजूने पाहिलं तर ती एक शब्दही खोटं बोलत नव्हती.

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. समोर आबासाहेबांचा कारकून पायरीवर येऊन उभा राहिला होता, मी कसा निसटतो ते बघायला. मी गल्ल्यातून पैसे काढले आणि कुशाबाईच्या हातावर ठेवले. "शब्द दिलाय," म्हटलं, "घ्या." गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "ह्याला म्हणतात दुकानदार." कारकून आत गेला. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत नऊ लुगडी गेली. पाडव्याच्या दिवशीही इतकी गेली नव्हती.

शनिवार, १३ एप्रिल.

रंगू म्हणते, "सांगितलं व्हतं." तिने काहीही सांगितलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं.

गुरुवार, १८ एप्रिल.

बावीस लुगडी. बावीस. सुप्याच्या बायासुद्धा आल्या होत्या, एवढ्या उन्हात, आणि त्यांनी "परतवाल्या बगाड्याचं दुकान कुठलं" असं विचारत दुकान गाठलं. आबासाहेब दुपारी गिऱ्हाइकाविना पंख्याने वारा घेत बसले होते. मी मुद्दाम त्यांना नमस्कार केला.

पाच परत आली. एकीच्या सासूला काठ रुंद वाटला. एकीच्या नवऱ्याला रंग डोळ्यांत खुपला. तिसरीने काहीच कारण सांगितलं नाही, नुसतं लुगडं ठेवून माझ्याकडे बघून हसली. तिच्या पदराला अक्षतांचे दोन दाणे चिकटलेले होते. लग्नसराईत बायकांना गर्दीत रंग नीट दिसत नाही, घरी गेल्यावर उजेडात कळतो. मी काही विचारलं नाही, विचारणं माझ्या फळ्याला शोभत नाही.

रविवार, २८ एप्रिल.

परत आलेली सात लुगडी सर्व्हिस मोटारीने इंदापूरला सोनबाकडे पाठवली. मागच्या आठवड्यातली वेगळी. गठ्ठा बांधताना रंगू म्हणाली, "खळीला कणीक लागती."

"लागते."

"ती कुणाच्या घरची?"

म्हटलं, सोनबाच्या घरची, दुसऱ्या कुणाची असणार. ती गाठ मारत राहिली. तिच्या डोक्यात कुठलीही गोष्ट फिरून पिठाच्या डब्याशी येते. मी तिला समजावलं की मोठा धंदा असाच चालतो. माल कुठून आला आणि कुठे गेला ह्याची चिंता करत बसलं तर दुकान उघडायलाच नको. महिन्याभरात मी जे उभं केलं ते बापाने तीस वर्षांत केलं नव्हतं. हे मी तिला बोललो नाही, इथे लिहून ठेवतो.

गुरुवार, २ मे.

सोनबाने आज नवी तीनच लुगडी आणली. तीन. एरवी आठ-दहा आणतो. सोबत धुतलेली सात होती, ती मात्र अशी कोरी करकरीत की मीही फसावं. एका पदराला खोंबारा गेला होता, तो इतका बारीक रफू केलाय की भिंग लावून शोधावा लागेल. असा माल बघितला की छाती भरून येते. आबासाहेबांच्या मिलचं लुगडं एका धुण्यात पोतेरं होतं.

पण तीन? ऐन लग्नसराईत? मी जरा आवाज चढवला. "तात्या, गिऱ्हाईक दारात उभं आणि तुमी माग झोपवून बसला का?" तो सुताचं काहीतरी सांगत होता. सूतवाला आता असं म्हणतो, तसं म्हणतो. तेवढ्यात वरकुट्याच्या सहा बाया एकदम आल्या आणि माझं त्याच्याकडे लक्ष राहिलं नाही. बाया हटल्या तेव्हा तो निघून गेला होता. धुतलेली सात त्याने नीट कपाटात लावून ठेवली होती, नव्यांच्या खाली.

लग्न सत्तावीस तारखेला ठरलंय असं तो जाता जाता रंगूला म्हणाला. लेकीच्या लग्नाच्या घाईत माणूस ढिला पडतो, दुसरं काय.

सोमवार, ६ मे.

रंगूने कपाटातलं जांभळं लुगडं काढून नाकाशी धरलं. म्हणाली, "हे तिसऱ्यांदा आलंय. कुशाबाईचं." मी म्हटलं, बघ, तीनदा विकलं गेलं आणि अजून नवं दिसतं. हाच सोनबाचा माल. ती म्हणाली, "व्हय, सोनबाचाच." आणि ते नव्यांतून काढून वेगळं ठेवलं. मी ते परत जागेवर लावलं.

गुरुवार, ९ मे.

रात्र झाली, तरी लिहितो.

दुपारी बाजार भरात होता. सहज समोर पाहिलं तर आबासाहेबांच्या दुकानातून सोनबा बाहेर पडला. काखेत कागदात बांधलेलं लुगडं. मिलचं. ज्याने वीस वर्षं माझ्या घरी माल घातला, बापाच्या वेळेपासून ज्याची मांडी ह्या गादीवर बसली, तो माझ्या डोळ्यांदेखत समोरून लुगडं विकत घेऊन येतो. आबासाहेब पायरीपर्यंत त्याला पोचवायला आले होते. सगळ्या पेठेने पाहिलं.

मी गिऱ्हाईक टाकून खाली उतरलो. "तात्या, हे काय? उद्या पेठेत लोक म्हणतील, विणणाऱ्यालाच बगाड्याचा माल नको झाला."

तो थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "सारजासाठी घेतलं."

"सारजाचं तर तुमी विणणार होता."

"सूत न्हाय. विणायचं कशानं?"

"मग माझ्या दुकानातलं न्यायचं. मी तुमच्याकडनं पैसे घेतले असते का?"

त्याने काखेतला कागद सावरला. हळू बोलला, पण शेजारचा भांडीवाला ऐकत होता. "तुमच्या कपाटातलं एक न् एक लुगडं मी वळखतो, कुंडलिकराव. कुठलं कुणाच्या लग्नाला जाऊन आलंय ते बी सांगतो. सरुबाईनं धुतलंय, सारजानं रफू केलंय. पोरीनं सवताच्या हातानं दुसऱ्याची हळद काढलेलं लुगडं सवताच्या लग्नात कसं नेसावं? लेकीला कोरं पायजे. आबासाहेब परत घेत न्हाईत, म्हंजी त्यांच्याकडचं कोरंच असणार."

आणि गेला.

मी दुकानात येऊन बसलो. एक बाई निळं लुगडं हातात घेऊन विचारत होती, "हे नवं हाय नव्हं?" महिनाभर हाच प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेल आणि "व्हय, व्हय" म्हटलं असेल. आज मला ते निळं कुठल्या ढिगातलं ते आठवेना. मी रंगूला हाक मारली. तिने काठ उलटून पाहिला, वास घेतला, आणि बाईला म्हणाली, "एकदा नेसलेलं हाय. दुसरं दाखवते." एवढं सगळं तिला ठाऊक होतं. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि मग वाटलं की फसवणारा मीच.

शुक्रवार, १० मे.

पहाटेच्या मोटारीने इंदापूरला गेलो. खरं सांगायचं तर सोनबाला चार शब्द सुनावायचे असं मनात धरून निघालो होतो. काल भांडीवाल्यासमोर बोलायला नको होतं त्याने.

घरात शिरलो तर माग मोकळा. ताण्याचा एक धागा नाही त्यावर. मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यात टोपली पालथी घातलेली. अंगणात दोरीवर माझी लुगडी वाळत होती, ओळीने, आणि सरुबाई चुलीवर खळ शिजवत होती. रंगू म्हणाली होती तीच कणीक. पिठाच्या डब्याचं झाकण उघडं होतं आणि आत डब्याचा तळ दिसत होता. सारजा उंबऱ्यात बसून एका पदराला टाका घालत होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. मला बघून उठली, पाणी दिलं, आणि परत बसून टाका पुरा केला. लग्नाला सतरा दिवस राहिलेली पोरगी.

सोनबाऐवजी सरुबाईच बोलली. "सूतवाला म्हणतो, आदल्या लुगड्यांचे पैसे द्या, मग सूत देतो. आदली लुगडी विकली जात्यात आन् परत येत्यात. परत आली की पैसे बी गेले, लुगडं बी गेलं, वर खळ घरची. आता तुमीच सांगा, दाजी, सूतवाल्याला काय दाखवू? हा खळीचा हंडा?"

आयुष्यात मला इतकं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं, आणि ते लिहितानाही होतंय. फळा माझा, लाल रंगातलं नाव माझं, म्हातारा "ह्याला म्हणतात दुकानदार" म्हणाला तो मला. उदार मी आणि खर्च ह्यांचा. मी गल्ल्यातून कुशाबाईला पैसे दिले तेव्हा वाटलं होतं माझ्या खिशातून जातायत. ते इथल्या डब्यातून गेले होते.

सोनबाला म्हटलं, चला. त्याला घेऊन सूतवाल्याकडे गेलो आणि परत आलेल्या प्रत्येक लुगड्याचे पैसे, खळीसकट, तिथेच चुकते केले. सूतवाल्याने हिरवं सूत काढलं. सोनबा हात मागे बांधून उभा. "उपकार नको मला, कुंडलिकराव."

"उपकार करायला मी कोण? हे तुमचंच आहे. महिनाभर माझ्याकडं पडून होतं."

त्याने सूत उचललं. ते खांद्यावर घेताना तो एकदम सरळ झाला, इतकंच. वाटेत म्हणाला, "मिलचं घेतलंय आता. आन् दिस कमी हायेत. बघू." त्याहून जास्त मला काही मिळालं नाही, आणि मागायला तोंडही नव्हतं.

दोरीवरची, घरातली, सगळी मिळून अकरा लुगडी होती. ती मी गठ्ठ्यात बांधली आणि स्वतःच्या खांद्यावरून मोटारीच्या अड्ड्यापर्यंत आणली. इंदापूरच्या बाजारात दोन ओळखीचे भेटले. "शेठ, गडी कुठं गेला?" म्हणाले. म्हटलं, माझा माल आहे, मीच नेतो.

शनिवार, ११ मे.

रंगूला सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, सांगितलं होतं. तिने गठ्ठा सोडला आणि म्हणाली, "अकरा न्हायत, बारा हायेत." बारावं कुठलं ते पाहिलं तर सरुबाईचं स्वतःचं, दोरीवरून चुकून आलेलं. ते सोमवारी मोटारीने परत पाठवायचं आहे.

गुरुवार, १६ मे.

काल पेंटरला बोलावून फळ्यात भर घातली. तो म्हणाला, जागा नाही. म्हटलं, बारीक काढ, पण काढ. आता खाली असं आहे: "नेसलेले लुगडे नेसलेले म्हणूनच विकले जाईल. परत मालाची नुकसानी दुकानाची."

फळा काढून टाकावा असं चार दिवस मनात येत होतं. काढला असता तर आबासाहेबांनी पेढे वाटले असते, पण त्यापायी ठेवला असं नाही. दिलेला शब्द चुकीच्या खिशातून पाळला म्हणून शब्दच मागे घ्यायचा, हे मला पटेना. खिसा बदलायचा.

बाजार भरला तेव्हा गादीवर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. कपाटाचे दोन भाग केलेत. डावीकडं कोरं, उजवीकडं नेसलेलं. उजवीकडचं निम्म्या भावात. आजवर उजवीकडचं मी डावीकडचं म्हणून विकलं. ज्यांना तसं मिळालं असेल त्यांनी यावं, फरक देईन. आवाज बरा निघाला.

कुशाबाई पुढे आली. मला वाटलं भांडते आता. ती म्हणाली, "शेठ, म्हंजी तुमाला ठावंच नव्हतं?"

"काय?"

"आमी लग्नापुरतं नेतो ते. आमाला वाटलं तुमी समजूनच फळा लावलाय. गोरगरिबाच्या बाया चारचौघीत नीट दिसाव्या म्हणून. वरकुट्यात बाया तुमचं नाव घेत्यात. आमी म्हणायचो, ह्या माणसाचं मन मोठं हाय, नेसलेलं कळतं तरी बोलत न्हाय."

नेसलेलं कळत होतं, बोलत नव्हतो, हे खरं. मन मोठं होतं म्हणून नव्हे. मी तिला सोनबाचं सांगितलं, सगळ्यांसमोर, डब्याच्या तळासकट. ती उजवीकडे गेली, ढिगातून जांभळं काढलं, आणि निम्मा भाव गादीवर ठेवला. "हे आता माझंच," म्हणाली. "जावेनं मोडली, आणिक कुणी मोडली, आता माझी पाळी." बाया हसल्या, मीही हसलो. दिवसभरात फरक मागायला चौघी आल्या. त्यांतली एक खोटं बोलत होती असं मला वाटतं. दिला.

आबासाहेब संध्याकाळी पायरीवर उभे राहून म्हणाले, "बगाडे, अशानं दुकान बसेल तुमचं." म्हटलं, बसलं तर माझं बसेल. हे बोलताना मला फार बरं वाटलं.

सोनबा आज बाजाराला आला नाही. रंगूने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. मी किती वेळा पाहिलं ते लिहीत नाही.

गुरुवार, २३ मे.

सकाळची मोटार आली आणि सोनबा उतरला. पाठीवर गठ्ठा, काखेत तेच कागदातलं लुगडं. मी उठून उभा राहिलो. तो माझ्याकडे न येता सरळ समोर गेला.

आबासाहेबांच्या दुकानात काय बोलणं झालं ते इकडून ऐकू आलं नाही, पण आबासाहेबांचं बोट पाटीकडे गेलेलं दिसलं. त्यांचंही चूक नाही. पाटी पहिल्या दिवसापासून तिथे आहे, त्यांनी कुणाला फसवलेलं नाही. सोनबाने मान हलवली आणि कागद काखेत घालून बाहेर आला. पायरीवर थांबला. आता हे ओझं घेऊन कुठे जावं असा त्याचा चेहरा झाला होता.

"तात्या, इकडं आणा," मी गादीवरून हाक मारली. सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी.

तो आला. "हे तुमच्या दुकानचं न्हाय."

"फळ्यावर कुठं लिहिलंय माझ्याच दुकानचा माल म्हणून? वाच ग, रंगू."

रंगूने वाचून दाखवलं. खरंच लिहिलेलं नाही. आबासाहेब आणि त्यांचा कारकून, दोघेही पायरीवर आले होते. मी कागद सोडला. मिलचं हिरवं लुगडं, आठ पदरी घडी, दुकानातून निघाली तशीच्या तशी, कडाही दबलेली नाही. फळा लागल्यापासून माझ्याकडे परत आलेल्या लुगड्यांत घडी न मोडता आलेलं हे पहिलंच.

मी किंमत विचारली आणि गल्ला उघडला. सोनबाने माझा हात धरला.

"नको. तुमच्या फळ्यात हे बसत न्हाय."

"का? घडी तर मोडली न्हाय."

"नापसंत माल लिवलंय तुमी. हे नापसंत न्हाय, कुंडलिकराव. मिलचं लुगडं चांगलं हाय, मी उगा नावं ठेवणार न्हाय. काल मागावरनं आमचं उतरलं. सरुबाईनं दोन्ही पोरीच्या म्होरं ठेवली. तिनं दोन्हीवर हात फिरवला." त्याने मिलच्या लुगड्याची कड बोटाने सरळ केली. "पोरीला बापाचं पसंत पडलं."

मी पैसे त्याच्या मुठीत कोंबले. पावती लिहायला घेतली, पण मला कागदावरचं नीट दिसेना, म्हणून ती रंगूने लिहिली.